तत्त्वोबाची उंच बाकं

त्या कारखान्यात नवी खुर्ची तयार झाली, की तिच्यावर पहिल्यांदा मेहुणा बसायचा. मेहुणा म्हणजे गाद्या भरणारा कारागीर. अंगाने चांगला दांडगा, आणि बसायचा तोही असा धपकन, की शेजारच्या टेबलावरचे खिळे उडायचे. खुर्ची कुरकुरली नाही, तर पास. कुरकुरली, तर बसल्या जागेवरूनच तो ओरडायचा, "भावोजी, निष्पन्न काय? निष्पन्न शून्य!" मग भावोजी, म्हणजे आपला तत्त्वोबा, सरसाचं डबडं घेऊन यायचा आणि मुकाट्याने सांधा पुन्हा उघडायचा.

मुकाट्याने, हे फक्त खुर्चीपुरतं हं! बाकी कुठलीही गोष्ट तत्त्वोबा मुकाट्याने करेल, तर शपथ. सुतार म्हणून त्याच्या हाताला तोड नव्हती, पण तरुणपणी कधीतरी त्याच्या डोक्यात एक विचार शिरला आणि तिथेच बिऱ्हाड करून बसला. विचार असा, की माणसं सगळी सारखी. मग एकाने हुकूम सोडायचा आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या, हे काय म्हणून? जिथे सगळे मिळून राबतात, तिथे सगळ्यांनी मिळून ठरवावं, आणि एकाचाही नकार असेल तर पाऊल पुढे टाकू नये. हे तो रंधा मारताना सांगे, जेवताना सांगे, न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली मान असतानाही सांगे. लोकांनी वैतागून त्याला तत्त्वोबा म्हणायला सुरुवात केली, तर ते नाव त्याला आवडलं! आता चिडवायला ठेवलेलं नाव ज्याला आवडतं, त्या माणसाला चिडवणार तरी कसं?

मेहुणा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं मत नेमकं उलटं. ज्याचं त्याने बघावं, धडपडेल तो वर येईल, आणि कोण खरा कोण खोटा त्याचा निवाडा बाजार करील. दुपारी डबे उघडले, की या दोघांचं जुंपायचं. एरवी तत्त्वोबा मेहुण्याला अरेतुरे करायचा, पण भांडण पेटलं की त्याला अहोजाहोवर यायची सवय होती. त्यामुळे 'अहो मेहुणे' असं ऐकू आलं, की बाकीचे कारागीर आपापले डबे घेऊन ऐकायला जवळ सरकायचे.

"अहो मेहुणे, माझ्या विचारात वाईट काय आहे तेवढं सांगा."

"विचाराला घेऊन काय चाटायचंय? जिथे जिथे तुमच्या समतेचं राज्य आलं, तिथे झालं काय? पावासाठी रांगा, आणि रांगेत कुरकुर केली की तुरुंग. निष्पन्न बघायचं, भावोजी, निष्पन्न!"

"ते खरं समतेचं राज्य नव्हतंच मुळी! विचार चोख होता, माणसं खोटी निघाली. आणि तुमच्या बाजाराच्या राज्यात काय मोठे दिवे लागले? कोवळी पोरं गिरण्यांत जुंपली, म्हाताऱ्यांना काम संपलं की रस्ता दाखवला."

"तो बाजाराचा दोष नाही. ती माणसं लबाड होती. विचार चोख आहे."

इथपर्यंत आलं, की कोपऱ्यात पॉलिशचा बोळा फिरवत बसलेली तत्त्वोबाची बायको, सगळ्या कारखान्याची ताई, हसायला लागायची. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! स्वतःच्या पक्षाचा विचार बघायचा आणि दुसऱ्याच्या पक्षाचं निष्पन्न. अरे, लाकूड मोजताना दोन मापं वापरता का रे? मग इथे कशी चालतात?" दोघंही तिच्याकडे बघायचे, दोघांनाही दुसऱ्याबद्दल ते अगदी पटायचं, आणि दोघंही जेवायला लागायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

आणि मग एके दिवशी आक्रितच घडलं. मालक म्हातारे झाले होते, मूलबाळ नव्हतं. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, "मी थकलो. कारखाना आता तुम्हीच सगळे मिळून चालवा. या तत्त्वोबाचं ऐकून ऐकून माझे कान किटले. एकदा होऊनच जाऊ दे!"

तत्त्वोबाला काय झालं म्हणून सांगू! त्या रात्री तो जेवलासुद्धा नाही. नुसता आढ्याकडे बघून हसत होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच जाऊन त्याने मालकांच्या खोलीची फळ्यांची भिंत काढली, त्याच फळ्यांचं एक मोठं गोल टेबल केलं आणि कारखान्याच्या मधोमध मांडलं. रोज सकाळी सगळ्यांनी त्याच्याभोवती बसायचं, सगळ्यांनी बोलायचं, आणि एकाही माणसाची मान आडवी हलली तर ते काम व्हायचं नाही. हाच नियम. मेहुण्याने टेबलावर थाप मारून बघितली आणि म्हणाला, "टेबल मजबूत आहे. आता निष्पन्न बघू."

पहिले दिवस मजेत गेले. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं, की आपलं मत देण्यात जेवढी गोडी असते तेवढी दुसऱ्याचं ऐकण्यात नसते. दाराला कुठला रंग द्यायचा यावर एक आख्खी सकाळ गेली. करवतीच्या यंत्रावर बसणारे करवतकाका कानाने जरा अधू. ते आज सगळ्याला हो म्हणायचे, आणि घरी बायकोशी बोलून आले की उद्या सगळ्याला नाही. बारभाईंचा कारभार! तरी गाडं ढकललं जात होतं. मालकांच्या वेळच्या जुन्या मागण्यांचा माल वेळेवर जात नव्हता, पण जात होता. तत्त्वोबाला कुणी टोकलं, की तो म्हणायचा, "अरे, चालायला शिकणारं पोर पडणारच."

त्यात गल्लीच्या टोकाच्या नव्या शाळेने बाकं मागवली. लहान वर्गांसाठी, एवढंच सांगितलं होतं. कारखान्याच्या नावावर आजवरचं सगळ्यात मोठं काम! तत्त्वोबाने नमुन्याचं एक बाक स्वतःच्या हाताने केलं. सुबक, बुटकं, कोपरे गोल घासलेले. आणि रीतीप्रमाणे ते गोल टेबलापाशी आणून ठेवलं. रीतीप्रमाणेच त्याच्यावर पहिल्यांदा मेहुणा बसला.

बसला तो बसलाच. उठता येईना! वर्षानुवर्षं उकिडवं बसून गाद्या भरल्यामुळे त्याचे गुडघे कामातून गेले होते. करवतकाकांनी एका हाताला धरलं, ताईने दुसऱ्या, तेव्हा कुठे स्वारी उभी राहिली. "माझा नकार," तो घाम पुसत म्हणाला. "फार खाली आहे. माणूस बसला की उठायचा नाही."

झालं! एकाचा नकार म्हणजे नकार. दुसरा नमुना आला, दोन बोटं उंच. त्यावर करवतकाका बसले आणि म्हणाले, "पाठीला रग लागते." तिसरा आला, आणखी उंच. असं करत करत सगळे बसून झाले, सगळ्यांच्या गुडघ्यांना, पाठींना, कमरांना पटेल अशी उंची ठरली, आणि तत्त्वोबाने डोळे भरून त्या बाकाकडे बघितलं. कारखान्याच्या इतिहासात एकही मान आडवी न हलता पास झालेली ही पहिलीच वस्तू. सगळ्यांना विचारलं होतं, कुणालाही डावललं नव्हतं. बाकावर बसणार कोण, हे मात्र त्या टेबलाभोवतीच्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा!

बाकं शाळेत गेली. तत्त्वोबाला राहवेना. धुतलेला सदरा घालून एका सकाळी तो शाळेत गेला आणि पहिल्या वर्गाच्या दारात उभा राहिला. वर्ग उजेडाने भरलेला, बाकांना अजून पॉलिशचा वास, आणि ओळीने बसलेली पोरं पाय हलवत होती. सगळीच्या सगळी! त्याला वाटलं, वा, पोरं खूश आहेत, म्हणूनच पाय हलवतायत. तो दाराला टेकून मोठ्या कौतुकाने बघत राहिला.

मग घंटा झाली. पोरं बाकांवरून घसरत खाली उतरली, आणि दोन वेण्यांची एक मुलगी उतरल्या उतरल्या मटकन खालीच बसली. "मुंग्या! मुंग्या आल्या!" ती पाय धरून हसत ओरडली. तिच्या शेजारची दुसरी, पाय चोळतच बाहेर पळाली. तत्त्वोबा पुढे झाला आणि त्याने तिला हात धरून उठवलं.

"आजोबा, तुम्ही केली ही बाकं?" तिने विचारलं.

"हो, बाळ. आम्ही सगळ्यांनी मिळून."

"मग ही आम्ही मोठे झाल्यावर बसायची आहेत का?"

तत्त्वोबा हसला. मग त्याने खाली वाकून बाकाच्या कडेला हात लावला, तिथून जमिनीपर्यंत नजर नेली, आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. पोरं पाय हलवत नव्हती. त्यांचे पाय अधांतरी लोंबत होते.

तिथून तो तडक घरी आला. बायकोने ताट वाढलं, तेव्हा त्याचं तोंड उघडलं. "विचार चुकला नाही बरं का. विचार चोखच आहे. अंमल नीट झाला नाही. आपण जर खरोखर सगळ्यांना विचारलं असतं..."

"थांबा," बायको म्हणाली. "हेच वाक्य माझ्या भावाने म्हटलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

तत्त्वोबाचा घास हातातच राहिला. काय म्हणाला असता ते त्याला चांगलंच ठाऊक होतं. नाचता येईना अंगण वाकडं! हेच म्हणाला असता, आणि वर खो खो हसला असता. उभा जन्म त्याने हेच केलं होतं. दुसऱ्याच्या विचाराला कोर्टात उभं करायचं, आणि स्वतःच्या विचाराला पाहुणा म्हणून घरात बसवायचं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्याने ताटावरून उठून उगाचच पाणी पिऊन घेतलं.

सकाळी टेबलाभोवती त्याने सगळं सांगितलं. गंमत म्हणजे, त्या दिवशी सभा झालीच नाही. कुणी मत दिलं नाही, कुणी कुणाला विचारलं नाही. करवतकाकांनी हातकरवत काढली, ताईने पॉलिशचं डबडं उचललं, मेहुण्याने बाकं आडवी करायला अंग दिलं, आणि सगळी वरात शाळेत पोचली. शाळेच्या मोठ्या बाईंनी पोरांना अंगणात नेऊन बसवलं. दोन वेण्यांच्या मुलीला मात्र तत्त्वोबाने मागून घेतलं, एका बाकावर बसवलं आणि तिच्या पायांखाली बोटं सरकवत सरकवत माप धरलं. मग सगळ्या बाकांचे पाय कापायला घेतले.

हे चालू असतानाच मालकांचा पुतण्या तिथे आला. गडी वाईट नव्हता. हसतमुख, इस्त्रीचे कपडे, धंद्यात मुरलेला. त्याने सगळ्यांना सांगितलं, की तुमची ओढाताण मला बघवत नाही. कारखाना मी चालवतो. काय करायचं ते मी ठरवीन, तुम्ही फक्त काम करा आणि निवांत झोपा. जाता जाता त्याने कापलेल्या पायांच्या ढिगाकडे बघितलं आणि म्हणाला, "एवढी यातायात कशाला? मुलं काय, वाढतात." सगळे हसले. मेहुणा हसला की नाही, ते कुणी बघितलं नाही.

पुतण्याचं म्हणणं हवेत विरलं नाही. ते लोकांच्या मनात घर करून बसलं. खरं सांगायचं तर सगळे दमले होते. रोज सकाळी मतं देऊन देऊन जीव मेटाकुटीला आला होता. रविवारी टेबलाभोवती बसून ठरवायचं ठरलं. आणि इथे एक मोठीच गोम होती. नियम सगळ्यांच्या होकाराचा. म्हणजे बाकी सगळ्यांना पुतण्या हवा असला, तरी तत्त्वोबाची एक मान आडवी हलली, की पुतण्या आल्या वाटेने परत. ज्या विचारासाठी जन्मभर घसा कोरडा केला, तो वाचवायला त्याला आता नुसता हात खाली ठेवायचा होता.

"मी हात वर करणार आहे," शनिवारी बायकोने त्याला सांगून टाकलं. "तुमची बायको म्हणून नाही, पॉलिशवाली म्हणून. दमले मी. तुम्हाला जे करायचं ते करा, मला वाईट वाटणार नाही."

"तुझा भाऊ?"

"त्याचं काय विचारता! तो तर पहिल्या दिवसापासून बाशिंग बांधून बसलाय."

रविवारी कारखान्यात यंत्र बंद, भुसा झाडलेला, आणि सगळे टेबलाभोवती अगदी पाहुण्यासारखे अवघडून बसलेले. सगळ्यांच्या नजरा तत्त्वोबावर. ताईच म्हणाली, "पुतण्याच्या हाती कारखाना द्यायचा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

हात वर जायला लागले. करवतकाकांनी आधी शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणाली, आणि मग हात वर केला. ताईचा गेला. आणि मग तत्त्वोबाचा गेला. हो, तत्त्वोबाचा! खांद्यापर्यंत नाही, पार वरपर्यंत. कुणीतरी "अरे!" म्हणालं.

"असे बघू नका," तत्त्वोबा म्हणाला. "माझा नियम आहे म्हणून मी तुम्हाला अडवून धरायचं, हे बरोबर नाही. जन्मभर मी म्हणत आलो, विचार बघा. विचार देखणा होता, अजूनही आहे. पण त्या पोरीच्या पायाला मुंग्या आल्या, त्या माझ्या विचारामुळे. इतरांचं निष्पन्न मोजायला मी पुढे असायचो. आता स्वतःचं मोजलं. संपलं."

ताईने डोळ्याला पदर लावला, आणि हात मोजायला म्हणून सगळ्यांवरून नजर फिरवली. फिरवता फिरवता ती थांबली.

"अरे, तुझा हात कुठे आहे?"

मेहुण्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

"वर कर की! विसरलास का?"

"नाही विसरलो," मेहुणा म्हणाला. "नाही करणार."

टेबलाभोवती एकच कल्ला उठला. करवतकाकांना वाटलं भांडण लागलं, ते उभेच राहिले. तत्त्वोबाचा हात तसाच वर, आणि तोंडही तसंच उघडं. मग तो ओरडला, "अहो मेहुणे! डोकं ठिकाणावर आहे का? तुमचंच ऐकून मी हात वर केलाय! निष्पन्न, निष्पन्न म्हणून कान खाल्लेत ना माझे? मग आता?"

"भावोजी, तुम्हाला निष्पन्न मोजायची सवय नाही, म्हणून तुम्ही अर्धंच मोजलंत."

"म्हणजे?"

"म्हणजे बाकं चुकली ते मोजलंत. ती कापायला कोण गेलं ते मोजलं नाहीत. मालकांच्या वेळी चुकीचा माल गेला तर आपण काय करायचो? हात धुऊन घरी जायचो. मालक बघतील! त्या दिवशी एकालाही सांगावं लागलं नाही. आणि तो पुतण्या काय म्हणाला, ऐकलंत? मुलं वाढतात." मेहुणा पुढे झुकला. "आणि बाक उंच कुणामुळे झालं? माझ्या गुडघ्यांमुळे. लाज वाटते मला त्याची, पण खरं सांगू? माझं गाद्या भरायचं टेबल उंच करून द्या म्हणून मी मालकांना किती वर्षं सांगत होतो, तुम्हाला कधी बोललो नाही. ते म्हणायचे, बघू. चांगला माणूस, पण बघू म्हणायचा. इथे या टेबलाशी बसलो, मी नाही म्हटलं, आणि सगळा कारखाना थांबला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गुडघ्यांना कुणीतरी विचारलं, भावोजी. हे पण निष्पन्नच आहे ना? की हे मोजायचं नाही?"

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तत्त्वोबाच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं आणि ते त्याने पुसलंही नाही, कारण एक हात अजून वरच होता.

"रडताय काय?" मेहुणा वैतागून म्हणाला. "मी काही तुमच्या विचाराला मान्यता दिलेली नाही! विचार तुमचा बावळटच आहे. बसणाऱ्याला न विचारता सगळ्यांना विचारायचं, ही कुठली समता? आधी तो नियम बदला. आणि दाराच्या रंगावर मत द्यायचं बंद करा, नाहीतर मीच उद्या त्या पुतण्याला घेऊन येतो."

"दाराच्या रंगावर मत हवंच!" करवतकाका म्हणाले. एवढं मात्र त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं.

"नको!" सगळे एकदम ओरडले. कारखान्याच्या इतिहासातला हा दुसरा एकमुखी ठराव, करवतकाका सोडून. आणि मग जी हाणामारी जुंपली, तोंडाची हो, ती विचारू नका. तत्त्वोबा निष्पन्नाच्या बाजूने भांडत होता आणि मेहुणा तत्त्वाच्या, आणि आपण जागा बदलल्यात हे दोघांच्याही ध्यानात आलेलं नव्हतं.

ताई उठली. तिने नवऱ्याच्या मनगटाला धरलं आणि त्याचा हात हळूच खाली घेतला. "राहू द्या आता," ती म्हणाली. "दुखेल."